उरलेले आठशे ज्यूल

५ जानेवारी, सोमवार

कंबर — सात.

डॉक्टर म्हणाले, रोज लिहा. शून्य ते दहात किती दुखलं आणि काय केल्यावर दुखलं. बायकोने लगेच वही आणून दिली, वर पेनसुद्धा. मी म्हटलं, मी सामान उचलणारा माणूस, मला काय लिहिता येणार? म्हणाली, "दुखतं तेव्हा जेवढं बोलतोस तेवढंच लिही. वही पुरायची नाही."

तर लिहितो. एक्स-रे दिव्यासमोर धरून डॉक्टर म्हणाले, मणका दबलाय, पण इजा आजची नाही, वीसेक वर्षांची तरी असेल. कुठे पडला होतात का? छे! बावीस वर्षं लोकांची घरं या मजल्यावरून त्या मजल्यावर नेतोय. कपाटं, फ्रिज, एकदा तर दगडी टेबल. पडलो असं कधीच झालं नाही. हे मी छाती काढून सांगितलं, तर तेवढ्यानेही कळ आली.

चिठ्ठीवर लिहून दिलंय — पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. कायमचं. आमच्याकडे उशांचं गाठोडंसुद्धा त्याहून जड असतं.

६ जानेवारी, मंगळवार

कंबर — सहा. मालकांसमोर उभं राहिल्यावर आठ.

मालकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. म्हणाले, "पैलवान, तुला काढायचं माझ्या जिवावर येतंय. पण नुसत्या उशा वाहायला माणूस कसा ठेवू?" कामावर मला पैलवान म्हणतात. आता बंद करतील बहुतेक.

मग म्हणाले, एक जागा आहे. पाहणी सुपरवायझरची. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, काय किती जड आहे ते बघायचं, कुठल्या जिन्याने उतरवायचं, माणसं किती लागतील ते ठरवायचं. उचलायचं काही नाही. मी म्हटलं, हे तर मी झोपेतही सांगेन. मालक म्हणाले, "झोपेत चालणार नाही, प्रमाणपत्र लागतं." परीक्षा एक फेब्रुवारीला. अर्धा पेपर सुरक्षेच्या नियमांचा, तो मला तोंडपाठ. उरलेला अर्धा भौतिकशास्त्राचा. कार्य आणि ऊर्जा. पन्नासपैकी पंचवीस.

"आणि नाही मिळाले तर?"

मालक छताकडे बघायला लागले. मीही बघितलं. छतावर काही नव्हतं.

८ जानेवारी, गुरुवार

कंबर — पाच. पुस्तक आणलं. पहिल्या पानावर लिहिलंय, कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. दुसरं पान उघडलं नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

बायको म्हणाली, "आईकडे जा."

कंबर — नऊ!

तिच्या आईने एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. माझ्या सासूबाई. वीस वर्षांच्या नात्यात आमचं बोलणं एवढंच — "बरं आहे ना?" "बरं आहे." त्याला कारण आहे. त्या घराशी माझी पहिली ओळख जावई म्हणून नाही, हमाल म्हणून. त्यांचं सामान मीच तिसऱ्या मजल्यावर चढवलं. लिफ्ट नाही. त्यात त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने बनवलेलं पुस्तकांचं कपाट होतं, आणि त्याच्या काचेला तेव्हा तडा गेला. ती काच त्यांनी आजतागायत बदललेली नाही. मी गेलो की "बसा" म्हणतात आणि बरोबर तिच्यासमोरच्या खुर्चीकडे हात करतात.

बायकोला म्हटलं, दुसरं कोणी नाही का? म्हणाली, "आहे की. छत. मालकांबरोबर बघत बस."

११ जानेवारी, रविवार

कंबर — सहा. (तीन मजले.)

गेलो. लग्नापासून मी त्यांना काहीच म्हणत नाही. आई म्हणायला जीभ रेटत नाही, आणि तोंडावर सासूबाई म्हटलं की भांडायला आल्यासारखं वाटतं. आज सुटलो. सगळी शाळा त्यांना बाई म्हणायची, मीही बाई म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि नियम सांगितला. "पाच ते सहा शिकवणी. विद्यार्थ्याला मी अहोजाहो करत नाही. सहा वाजले की जावई."

घड्याळात पाच.

"कार्य म्हणजे काय? सांग."

"दमणं."

"चूक. वीस किलोची पेटी डोक्यावर घेऊन तू सपाट रस्त्याने शंभर मीटर चाललास. पेटीवर कार्य किती केलंस?"

मी अंदाज घेतला. वीस किलो, शंभर मीटर, मध्ये एकदा थांबणं. म्हटलं, बरंच.

"शून्य."

मी पुन्हा विचारलं. पुन्हा शून्यच. म्हणे तू बल लावतोस वर, पेटी जाते आडवी. काटकोन झाला. कार्य शून्य.

बावीस वर्षं! मी ताडकन उठून चालता होणार होतो. पण या कंबरेने ताडकन काही होत नाही, आणि सावकाश उठेपर्यंत राग टिकत नाही. बसून राहिलो. सहा वाजता बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "चहा घेणार का तुम्ही?"

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी गोदामात पोरांना सांगितलं, सपाटीवर सामान नेणं म्हणजे शून्य काम. तिघांनी लगेच सोफा व्हरांड्याच्या मधोमध ठेवला आणि त्याच्यावर बसले. गिऱ्हाईक विचारायला आलं तर म्हणाले, "साहेब, सकाळपासून आम्ही काही केलेलंच नाही, पुस्तकात लिहिलंय." मालकांचा फोन आला. काय बोलले ते या वहीत लिहिण्यासारखं नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

कंबर — पाच.

आज माझं गणित चुकलं, आणि मला अजूनही ते चुकलं असं वाटत नाही. तीस किलोची पेटी नऊ मीटर उंचीवर न्यायची. तीस गुणिले दहा गुणिले नऊ, सत्तावीसशे ज्यूल. इथवर बरोबर. पुढे मी एकशे पन्नास मिळवले.

"हे कसले?"

"वळणं. तीन मजल्यांना पाच वळणं. प्रत्येकी तीस धरले. कठडा अरुंद असेल तर चाळीस धरायला हवेत."

बाईंनी वही जवळ ओढली. "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही. खांद्यात आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. हसू दाबलं असावं, पण शपथेवर सांगता येत नाही. मग लाल पेनाने माझी पाचही वळणं कापली. म्हणाल्या, गुरुत्वाला तू सरळ गेलास की वळणावळणाने, काही देणंघेणं नाही. खाली किती आणि वर किती, एवढंच ते विचारतं.

पुढच्या गणितात घर्षणरहित जिना होता. म्हटलं, बाई, असा जिना असलेल्या घरचं काम आम्ही घेत नाही. या वेळी चष्मा पुसायला वेळ मिळाला नाही. हसल्याच.

घरी येऊन स्वतःचं गणित केलं. माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो, नऊ मीटर. दर शिकवणीला सात हजार वीस ज्यूल मोजून शिकायला जातो. त्यात वळणं धरलेली नाहीत.

१७ जानेवारी, शनिवार

बाईंनी जुन्या प्रश्नपत्रिका कपाटावरून काढायला सांगितल्या. गठ्ठा पाच किलोच्या आतला होता, मनातल्या मनात तोलून घेतला. धुळीने मला जोरात शिंक आली. गठ्ठा हातातून सोडला नाही.

बाई म्हणाल्या, "हे असते तर सगळे कागद जमिनीवर असते. शिंक आली की हातात असेल ते टाकून द्यायचे. माझ्या दोन कपबशा गेल्या. एकदा रेडिओ."

हे म्हणजे सासरे. भिंतीवर फोटो आहे. मी फोटोकडे बघितलं नाही.

१८ जानेवारी, रविवार

कंबर — पाच. शिकवणी नाही.

कालपासून डोक्यातून जात नाही. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय? गणिताची वही वेगळी आहे.

एकवीस वर्षांपूर्वी त्या दिवशी माझ्या जोडीदाराचा अंगठा सकाळीच दारात चेंगरला, म्हणून तो खाली ट्रकवर बसला होता. शेवटचं कपाट राहिलं. सासरे — तेव्हा नुसतं गिऱ्हाईक — म्हणाले, मी लावतो हात. मनगटं बघूनच मी नको म्हणत होतो, ऐकेनात. ते वरच्या टोकाला, मी खालच्या. बारा पायऱ्यांचा शेवटचा जिना, ते वर पोचले आणि कपाटाच्या मागच्या धुळीने त्यांना शिंक आली. दोन्ही हात सोडले! सबंध कपाट माझ्या अंगावर. मी वळून पाठ लावली, टाचा रोवल्या आणि एकेक पायरी खाली, बाराच्या बारा, वळणापर्यंत. तिथे थांबवलं. कठड्याला घासून काचेला तडा गेला.

बाई धावत बाहेर आल्या. "कुणी सोडलं?" सासऱ्यांचा चेहरा असा झाला, की मीच म्हणून गेलो — "माझा हात सुटला."

नंतर जिन्यात मला गाठून म्हणाले, "तिला कधी सांगू नकोस हं. तिच्या वडिलांचं कपाट आहे, जन्मभर ऐकवेल." मी शब्द दिला. चार दिवस वाकून चालत होतो, पाचव्या दिवशी पुन्हा जिना. चोविसाव्या वर्षी असलं कोण मोजतं?

त्या दिवशी जी मुलगी पाणी घेऊन आली ती पुढे माझी बायको झाली. बाईंचा साफ नकार होता. म्हणत होत्या, ज्याला कपाट धरता येत नाही तो संसार काय धरणार! सासऱ्यांनी एकट्याने किल्ला लढवला. बिचाऱ्यांना लढवावाच लागला. सहा वर्षांपूर्वी ते गेले. शब्द आहे तिथेच आहे, आणि मी त्या काचेसमोर बसून चहा पितो.

२१ जानेवारी, बुधवार

चाचणीत दहापैकी चार.

आज कळलं की सामान खाली उतरवताना आपण केलेलं कार्य उणे असतं! म्हणजे शून्य तर होतंच, आता त्याच्याही खाली. मी म्हटलं, बाई, अर्धं आयुष्य चढवण्यात गेलं आणि अर्धं उतरवण्यात, म्हणजे बेरीज मारली तर मी घरीच बसून होतो.

या वेळी त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उणे म्हणजे कमी नाही. वरून खाली येताना त्या सामानाची ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. तू धरलं नाहीस तर ती सामान फोडेल, भिंत फोडेल. तू धरलंस तर ती तू घेतोस. उणे म्हणजे थांबवणं."

हे मी दोनदा लिहून घेतलं. बावीस वर्षांत माझ्या कामाबद्दल इतकं चांगलं कोणी बोललं नव्हतं.

२४ जानेवारी, शनिवार

दहापैकी आठ! कंबर — चार.

आता घरात काहीही पडलं की वेग काढतो. सकाळी टेबलावरून चमचा पडला, जमिनीवर पोचताना चार मीटर दर सेकंद. बायको म्हणाली, "ऊर्जा नष्ट होत नाही म्हणे. मग भांडी घासायची वेळ झाली की तुझी कुठे जाते?" याचं उत्तर पुस्तकात नाही.

निघताना बाईंनी सहज विचारलं, "या कपाटाचं वजन किती असेल हो?" म्हटलं, रिकामं ऐंशी किलो. वजनात माझी चूक होत नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

कंबर — आठ.

आज दहा प्रश्न दिले. सहा झाले, सातवा वाचला आणि हात थांबला. बाईंच्या सुवाच्य अक्षरात —

"ऐंशी किलोचे कपाट जिन्यावरून निसटले. उंची दोन मीटर, उतार चार मीटर, घर्षण दोनशे न्यूटन. खालच्या माणसाचा हात सुटला, असे त्याचे म्हणणे आहे. तळाशी कपाटाचा वेग काढा."

सत्तरीच्या बाईने स्वतः टेप लावून पायऱ्या मोजल्यात! वेग काढला. वरती सोळाशे ज्यूल. घर्षणात गेले आठशे. उरले आठशे. वेग साडेचार मीटर दर सेकंद.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "ऐंशी किलो, साडेचार मीटरच्या वेगाने भिंतीवर. मग भिंत कशी शाबूत? कपाट कसं शाबूत? काचेला नुसता तडा. तड्याला पाच ज्यूलही लागत नाहीत. बाकीचे कुठे गेले?"

"वरच्याने धरलं असेल."

"हे? पाण्याची बादली दोन हातांनी उचलायचे."

"मग नशीब."

"नशिबाचं एकक सांग."

मी पट्टी घेऊन समास आखायला लागलो. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते आज कळलं. बाई म्हणाल्या, "तू तेव्हा जे सांगितलंस ते निसर्गनियमात बसत नाही. खूप वर्षं माझ्या डोक्यात आहे हे. उरलेले आठशे ज्यूल लिही."

मी जागा कोरी सोडली.

"पेपरात असं कोरं सोडलंस तर नापास होशील."

"पेपरात हे यायचं नाही, बाई."

"मग हे सुटल्याशिवाय मी पुढचं शिकवणार नाही." पेनाला टोपण लागलं. घड्याळात पाच वाजून पस्तीस. चहाचं विचारलं नाही. मी उठून आलो, गणिताची वहीसुद्धा तिथेच राहिली.

२८ जानेवारी, बुधवार

बायको विचारते, काय झालं? म्हटलं, एक गणित अडलंय. म्हणाली, मग सोड की! म्हटलं, सोडवायचं नाहीये. ती माझ्याकडे डॉक्टरांसारखं बघायला लागली.

भीती वाटतेय. इथे कबूल करतो. परीक्षा चार दिवसांवर, शिकवणी बंद, आणि पंचेचाळीस वर्षांच्या, पाच किलो उचलणाऱ्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवणार? एक वाक्य सांगितलं असतं तर बाईंनी सगळं पुन्हा शिकवलं असतं. पण ज्यांना शब्द दिला, ते 'सांगून टाक' म्हणायला आता नाहीत.

३१ जानेवारी, शनिवार

एकट्याने सदतीस गणितं केली. बायकोने मागची उत्तरं बघून बरोबर-चूक केलं. बावीस बरोबर. ती म्हणाली, "आई खाली येऊन गेली." वर आल्या नाहीत. जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा दिला आणि गेल्या. काही लिहिलेलं नव्हतं, पण अवघड प्रश्नांवर लाल टिंबं होती.

१ फेब्रुवारी, रविवार

झाली परीक्षा. हॉलमध्ये सगळी पोरं पंचविशीची. एकाने मला पर्यवेक्षक समजून पाणी मागितलं.

पहिलाच प्रश्न — कामगार पंधरा किलोचं खोकं घेऊन सपाटीवर चालतो, खोक्यावर कार्य किती?  शून्य. बावीस वर्षांची माफी मागून लिहिलं.

शेवटचा प्रश्न उतारावरच्या ढकलगाडीचा. गाडी सुटते, खालचा कामगार ती थांबवतो, त्याने केलेलं कार्य किती? उणे सहाशे ज्यूल. आकड्यापुढे मी मुद्दाम लिहिलं, "उणे म्हणजे थांबवणं." गुण नसतील त्याला. नसू देत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पास!

भौतिकशास्त्रात पन्नासपैकी एकतीस. मालकांनी हात मिळवला, मग घाईघाईने विचारलं, "हे पाच किलोत बसतं ना?" सोमवारपासून पाहणीला जायचं. पोरं म्हणाली, पैलवान हे नाव तसंच ठेवू, आता नुसतं बोलायचं पैलवान.

बाईंना फोन केला. पाचची वेळ साधून केला.

"किती?"

"एकतीस."

"एकोणीस कुठे गेले?"

"घर्षणात."

 पलीकडून चष्मा पुसल्यासारखा आवाज आला. पण ते फोनवर कसं कळणार?

१५ फेब्रुवारी, रविवार

बायको काल आईकडे गेली होती. बोलता बोलता एक्स-रेचं निघालं — जुनी इजा, वीस वर्षांची, आणि हा म्हणतो मी कधी पडलोच नाही. आई म्हणे तडक उठली आणि माझी राहिलेली वही काढून बसली. आज बायकोने वही आणून दिली. म्हणाली, "आईने बाबांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. का विचारलं तर म्हणते, संध्याकाळपर्यंत राहू दे."

वही उघडली. सातवा प्रश्न. मी कोरी सोडलेली जागा लाल शाईने भरलेली आहे.

"वरच्याचे हात सुटले (शिंक). खालच्याने सोडले नाही. उरलेले ८०० ज्यूल — जावयाचा मणका. दहापैकी दहा. हे गुण तुझे. मला हे गणित सोडवायला एकवीस वर्षं लागली."

कंबर — बघायची राहिली.